काळा खडा आणि दुसरी किल्ली

आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकीसुनांच्या पायांत वाजणारे पैंजण ज्याने घडविले, त्या मनुष्याच्या स्वतःच्या घरात चांदीचा एकही दागिना नसावा, ही गोष्ट ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल; परंतु उचगावच्या यल्लाप्पाच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती. हुपरीच्या चांदीच्या कारखान्यात तो मिसरूड फुटण्यापूर्वी जो शिरला, तो नजर अधू झाल्यावरच बाहेर पडला. या गोष्टीची खंत त्याच्या मनात नव्हती, कारण घडविणारा आणि मिरविणारा ही दोन वेगळी माणसे असतात, हे त्याने केव्हाच मान्य केले होते. तथापि त्याचा मुलगा प्रसेनजीत याने सात माणसांची जुनी मोटार विकत घेऊन दारात आणून उभी केली, त्या दिवसापासून यल्लाप्पाच्या अंतःकरणात एक इच्छा मूळ धरू लागली. या गाडीवर आपल्या हातचे काहीतरी असावे, एवढीच ती इच्छा होती.

गाडी हे प्रसेनजीतचे स्वतःचे कर्तृत्व होते. कोल्हापुरात राहणारे आणि कोडोलीच्या शाळेत शिकविणारे पाच शिक्षक तो रोज सकाळी ताराराणी चौकातून घेऊन जाई व शाळा सुटल्यावर परत आणून सोडी. या एका बांधलेल्या भाड्यावर त्या घराची चूल पेटत होती. मूळ मालकाने गाडीबरोबर एकच किल्ली दिली होती. दुसरी त्याने कुठे हरवली ते त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. त्या एकुलत्या एक किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्याला तडा गेल्यामुळे प्रसेनजीतने तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि ती पट्टी यल्लाप्पाच्या डोळ्यांत कुसळासारखी सलत असे.

"एवढी मोठी गाडी आन् किल्लीला पट्टी," तो म्हणे. "पाय मोडलेल्या कोंबडीगत दिसतीया."

"चालतीया न्हवं आबा? मग झालं," प्रसेनजीत उत्तर देई. "दुसरी किल्ली करायची हाय एकदा. पर शोरूमवाला लय मागतोय. बघू सवडीनं."

ती सवड काही मुलाला मिळेना. अखेर उन्हे तापू लागली असता एका शनिवारी, शाळा सकाळची असल्याने प्रसेनजीत दुपारीच घरी आला, भाकरी खाऊन आडवा झाला आणि घोरू लागला. यल्लाप्पाने खुंटीवरची किल्ली अलगद काढून खिशात घातली, आणि आपल्या पत्नीला, आक्काताईला, "जरा पाय मोकळे करून येतो," असे सांगून हुपरीची एसटी धरली.

कारखान्याचे सध्याचे मालक अंबादास शेठ हे जुन्या धन्याचे चिरंजीव. त्यांनी यल्लाप्पाला ओळखीने आत घेतले.

"या यल्लाप्पाण्णा. घरात करमंना वाटतं?"

"शेठ, कोपऱ्यात घटकाभर बसू द्या. एक बारकं काम हाय. चांदी माझी मी आणलीया."

काम सोडताना जुन्या धन्याने त्याच्या हातावर चांदीचा एक तुकडा ठेवला होता. आजवर कनवटीला जपलेला तो तुकडा यल्लाप्पाने आज बाहेर काढला. मग त्याने किल्लीचे फुटके प्लॅस्टिक चिमट्याने सोलून काढले. आत पोलादी पाते होते, आणि त्याच्या बाजूला, एका खोबणीत घट्ट बसविलेला, अर्ध्या चिंचोक्याएवढा एक काळा खडा होता. त्याला ना तार, ना स्क्रू, ना घडीव असे काही.

येथे यल्लाप्पाने जी चूक केली, ती चांदीच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणी केली नसती. पोकळ दागिना दाबाने चेपू नये म्हणून त्याच्या पोटात लाख भरण्याची रीत आहे. यल्लाप्पाने आयुष्यात अशी किती लाख भरली व किती काढली, याची गणती नव्हती. काळा, गुळगुळीत, निर्जीव असा तो खडा पाहून त्याला वाटले, की कंपनीवाल्यांनीही पोकळ डोक्यात भर घातलेली आहे. आपण घडविणार ती किल्ली अस्सल चांदीची. तिला भर कशाला हवी? असा विचार करून त्याने तो खडा नखाने जमिनीवर टिचकावून दिला.

त्यानंतर त्याच्या हाताला जणू जुने दिवस परत लाभले. चांदीच्या दोन चकत्या कापून, त्यांवर धम्मचक्राच्या आऱ्या कोरून, पाते मध्ये धरून त्याने कडेने डाग देऊन त्या सांधल्या, कानशीने घासले, आणि अशी झिलई दिली की अंबादास शेठही हातातले काम ठेवून पाहायला आले.

"आण्णा, अजून हात चालतोय तुमचा," ते म्हणाले. एसटीत बसल्यावर यल्लाप्पाने ती किल्ली तीनदा काढून पाहिली.

संध्याकाळी प्रसेनजीतच्या तळहातावर ती किल्ली ठेवली गेली, तेव्हा मुलाचे डोळे भरून आले. बापाच्या पायांना हात लावून तो गाडीकडे गेला. दार उघडले. तो आत बसला. किल्ली फिरली. इंजिनाने एक हुंकार दिला आणि ते बंद पडले. पुन्हा फिरविली, पुन्हा एक हुंकार आणि पुन्हा शांतता. समोरच्या काचेखाली किल्लीचे चित्र असलेला तांबडा दिवा लुकलुकू लागला.

"आबा," प्रसेनजीत सावकाश म्हणाला, "जुन्या किल्लीच्या आत काय हुतं?"

"काय न्हवतं. लाखंची भर हुती. काढून टाकली."

प्रसेनजीतने कपाळ स्टिअरिंगवर टेकले. "लाख न्हवती आबा ती. चिप हुती. तुमी गाडीची वळखच पुसून टाकलासा."

रविवारी सकाळी त्याने शोरूमला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे बोलत होता. एकही चालू किल्ली नसेल तर गाडी उचलून न्यावी लागेल, आतला संगणक आणि किल्ल्यांचा संच बाहेरून मागवावा लागेल आणि त्याला काही आठवडे लागतील, असे त्याने सांगितले. नंतर त्याने जी रक्कम उच्चारली, ती ऐकून प्रसेनजीतने फोन कानापासून दूर धरला, जणू तो पोळत होता.

तोच त्या पाच शिक्षकांपैकी मीनाक्षी मॅडमचा फोन आला. गाडी बिघडल्याचे वृत्त त्यांच्या कानी गेले होते.

"प्रसेनजीत, उद्या आम्ही एसटीने जाऊ, त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण मंगळवारपासून दहावीची परीक्षा आहे आणि आम्हा पाचही जणांची वर्गावर नेमणूक आहे. उशीर झालेला चालणार नाही. मंगळवारी तुझी गाडी नसेल तर आम्हाला पिराजींना सांगावं लागेल. आणि ते म्हणतात, येईन तर वर्षभरासाठी येईन."

पिराजी हा त्याच वाटेवरचा दुसरा गाडीवाला. या भाड्यावर त्याचा डोळा केव्हापासून होता. म्हणजे मंगळवारी सकाळी गाडी चौकात उभी राहिली नाही, तर घराची भाकर पिराजीच्या ताटात जाणार, हे स्पष्ट झाले. प्रसेनजीत बापावर ओरडला नाही. तो ओरडला असता तर यल्लाप्पाला बरे वाटले असते.

आक्काताईने मात्र मौन धरले नाही. ती परातीत पीठ मळीत म्हणाली, "जल्मभर मला पायातलं एक पैंजण केलं न्हाई, आन् मोटारीला दागिना केला. मोटारबी शानी. अंगाला लावून घेतला न्हाई तिनं."

"आगं, गप की जरा," यल्लाप्पा म्हणाला.

"मी गपच हाय. मी काय बोलतो व्हय?"

दुपार होण्यापूर्वी बापलेक शिवाजी उद्यमनगरात केरबाच्या खोक्यापाशी उभे राहिले. केरबा हा किल्ल्या करणारा. त्याच्या पत्र्याच्या खोक्यात मोटारींच्या किल्ल्यांचे घोस द्राक्षांसारखे लोंबत होते, आणि एका फळीवर कापडात गुंडाळलेले प्रोग्रॅमिंगचे मशीन होते. त्याने चांदीची किल्ली उजेडात धरून फिरवून पाहिली.

"पावणं, ही किल्ली हाय का दागिना? ही घेऊन लग्नाला जावा, गाडीकडं नगं."

"चेष्टा नगा करू," प्रसेनजीत म्हणाला. "नवी चिप बशिवता येतीया का सांगा."

केरबाने एक डबा उघडून दाखविला. त्यात तसलेच काळे खडे भरलेले होते. जी वस्तू यल्लाप्पाने लाख समजून फेकली, तिच्या डबाभर बहिणी येथे नांदत होत्या.

"चिपा हायत की," केरबा म्हणाला. "पर ऐका. किल्ली लावली की गाडी इचारती, कोण हाय? आन् चिप आतनं नाव सांगती. नाव वळखीचं निघालं तर इंजिन चालतंय, न्हाईतर हुंकार देऊन गप. आता नव्या चिपची वळख गाडीला करून द्यायची तर जुन्या वळखीचं एक तरी माणूस लागतंय न्हवं मधी? तुमच्या ह्या गाडीला तसंच हाय. जुनी चिप आणा. मी एकाला दोन किल्ल्या करून देतो, उद्या उचगावात येऊन. शोरूमवाल्याच्या पैशात तुमचं सगळं हुईल आन् वर सणबी साजरा हुईल."

"आन् जुनी न्हाई मिळाली तर?"

"मग शोरूमच. माझ्याकडं दुसरा विलाज न्हाई. खोटं कशाला बोलू?"

बाहेर आल्यावर प्रसेनजीत म्हणाला, "कारखान्याची झाडलोट काल रातीच झाली असंल. गेली ती."

यल्लाप्पा एकाएकी थांबला. गेल्या रात्रीपासून वाकलेली त्याची मान सरळ झाली.

"झाडलोट झाली असंल," तो म्हणाला, "पर गेली नसंल. चांदीच्या कारखान्यातली धूळ कोण उकिरड्यावर टाकतंय व्हय? चल हुपरीला."

त्याचे म्हणणे खरे होते. चांदी घासताना उडणारा कीस जमिनीवर पडतो, म्हणून कारखान्याची झाडलोट कधीही बाहेर फेकीत नाहीत. ती डब्यात साठवितात आणि झारेकऱ्याला विकतात. ही धूळ चाळून, धुऊन, तीतून चांदीचे कण वेगळे काढणे हा झारेकऱ्यांचा व्यवसाय होय. अंबादास शेठांनी डबा दाखविला. तो रिकामा होता.

"सकाळीच बाळाबाई घेऊन गेली, आण्णा. दर रविवारी येते ती," शेठ म्हणाले. "तिच्या घरी जाऊन बघा. पण रीत तुम्हाला माहीत आहे."

यल्लाप्पाला रीत चांगलीच माहीत होती. विकलेल्या धुळीतून जे निघेल ते झारेकऱ्याचे. एकदा एका कारागिराची नथ त्या धुळीत गेली होती आणि ती परत मागणाऱ्याला साऱ्या गल्लीने वेड्यात काढले होते.

बाळाबाई आपल्या अंगणात पाट मांडून बसली होती. तिच्यापुढे काळ्या पाण्याची घमेली होती आणि तिचे कोपरापर्यंतचे हात चिखलाने माखले होते. यल्लाप्पाला ती त्याच्या कामाच्या दिवसांपासून ओळखत होती.

"यल्लाप्पा, तू हिकडं? धूळ धुवायला आलास व्हय म्हातारपणी?"

"बाळाबाई, अंबादास शेठच्या धुळीत माझा एक काळा खडा गेलाय. एवढाच. पोराच्या गाडीचा जीव हाय त्यात."

"धूळ मी इकत घेतलीया."

"ठावं हाय. म्हणून तर हात जोडून आलोय. हक्क सांगायला न्हाई आलो."

 मग एक घमेले तिने पायाने त्याच्याकडे सारले. "हुडक. माझं काम थांबायचं न्हाई. चांदीचा कण हिकडं तिकडं झाला तर बघ मात्र."

यल्लाप्पाने बाह्या सारल्या. मऊ, गार, जड असा तो गाळ त्याच्या बोटांनी चिवडण्यास आरंभ केला. प्रसेनजीतही त्याच्या शेजारी बसला. काळ्या चिखलात काळा खडा शोधणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल. कोळशाचे तुकडे निघाले, लाखेचे निघाले, शर्टाचे बटण निघाले. प्रत्येक वेळी प्रसेनजीत आशेने तुकडा पुढे करी आणि यल्लाप्पा मान हलवी. एक घमेले संपले, दुसरे संपले. प्रसेनजीतचे हात मंदावले आणि तो नुसता पाण्याकडे बघत बसला.

"असला कसला खडा रं त्यो?" बाळाबाईने अखेर विचारले.

"काळा, गुळगुळीत, अर्ध्या चिंचोक्याएवढा."

बाळाबाईचा हात पाण्यात थबकला. "लोहचुंबकाला चिकटतोय का त्यो?"

बापलेक एकमेकांकडे पाहू लागले. दोघांनाही ते माहीत नव्हते.

"धुवायच्या आधी मी चुंबक फिरवतो धुळीवनं," बाळाबाई सांगू लागली. "करवतीची पाती तुटत्यात, कानशीचं लोखंड झडतंय, ते आधी काढाय लागतंय. आज सकाळी एक खडा चिकटला. मी म्हटलं, आता खडंबी चुंबकाला चिकटायला लागलं व्हय? आन् दिला टाकून लोखंडात."

पायरीवर एक मोडका कप होता. त्यात करवतीच्या पात्यांचे तुकडे आणि लोखंडाची पूड होती, आणि त्या पुडीवर काळा, गुळगुळीत, निर्धास्त असा तो खडा बसला होता. यल्लाप्पाने तो उचलला. बोटांच्या टोकांनी त्याची एकेक बाजू चाचपली. खोबणीत बसण्यासाठी एका अंगाला निमुळता केलेला तो आकार त्याला रात्रभर डोळ्यांपुढे दिसला होता.

"हाच," तो म्हणाला, आणि खडा त्याने मुठीत घट्ट धरला.

"थांब," बाळाबाई म्हणाली. "रीत ती रीत. धुळीतनं निघालं ते चांदीच्या भावानं जातंय. वजन करतो."

तिने बारका काटा आणला आणि मोठ्या गंभीरपणाने खडा पारड्यात ठेवला. दुसऱ्या पारड्यात यल्लाप्पाने चिमूटभर चांदीचा कीस सोडला. शनिवारच्या कामाचा तो उरलेला कीस कागदात बांधून त्याच्या खिशात होता. कीस पडताच पारडे खाली टेकले. त्याने अर्धा कीस काढून घेतला, तरी ते खालीच. शेवटी नखावर राहील एवढीच चांदी उरली तेव्हा काटा समतोल झाला. बाळाबाईने ती चांदी आपल्या डबीत झटकली.

"जा घेऊन. आमचं तुमचं फिटलं," ती म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. "एवढ्याशा जिवासाठी दोन बाप्ये दुपारभर चिखलात बसलं की रं."

परतीच्या एसटीत प्रसेनजीत बापाशेजारी बसला होता. खडा यल्लाप्पाच्या मुठीत होता आणि ती मूठ मुलाच्या मुठीत होती. शनिवारच्या संध्याकाळपासून प्रथमच मुलगा बापाशी हसून बोलला.

"आबा, तुमास्नी कसं सुचलं धुळीचं?"

"जल्म गेला की धुळीत. एवढंबी सुचू नये व्हय?"

सोमवारी दुपारी केरबा दुचाकीवर मशीन बांधून उचगावात आला. प्रसेनजीतने पहिलीच भीती बोलून दाखविली, की चुंबकाला चिकटून चिप बिघडली तर नसेल? "चुंबकानं तिला काय हुईत न्हाई," केरबा म्हणाला, "तिच्या पोटातच लोखंडागत कायतरी असतंय, म्हणून तर चिकटली." त्याने खडा पुसला. यल्लाप्पाच्या आग्रहास्तव त्याने एक प्रयोग करून पाहिला. चांदीच्या डोक्याची कड उचकटून, आत खडा बसवून, पुन्हा दाबून त्याने किल्ली फिरविली. हुंकार आला, शांतता पसरली आणि तांबडा दिवा लुकलुकला.

तोवर गल्ली जमली होती. कोणीतरी मागून म्हणाले, "संपली म्हणायची गाडी."

केरबाने मागे वळूनही पाहिले नाही. "आण्णा, चिप शाबूत हाय. तुमची चांदी मधी आडवी येतीया. चारी बाजूनं धातू असला की हिचा आवाज भाईर जाईत न्हाई. कुणाचं तोंड दाबून नाव इचारल्यागत हाय हे."

यल्लाप्पाने किल्ली हाती घेतली. आपल्या हातची झिलई, आपल्या हातच्या आऱ्या त्याने एकवार पाहिल्या. मग पक्कड मागून घेऊन त्याने स्वतःच डाग तोडला आणि दोन्ही चकत्या पात्यापासून वेगळ्या केल्या. केरबाला ते करावे लागले नाही.

"आण हिकडं," आक्काताई दारातून म्हणाली. "मोटारीला नगं असल्या तर मी गळ्यात घालतो." आणि चकत्या तिने खरोखरच पदराच्या टोकाला बांधून टाकल्या.

केरबाने खडा साध्या प्लॅस्टिकच्या डोक्यात बसवून पाते अडकविले. किल्ली फिरली. हुंकार आला, आणि हुंकारामागून इंजिन चालू राहिले, घर्र घर्र करीत, एका लयीत, थांबायचे नाव न घेता. तांबडा दिवा मावळला. ज्याने "संपली" म्हटले होते, तोच आता सर्वांत पुढे येऊन खिडकीतून आत डोकावत होता.

"थांबा, अजून काम व्हायचंय," केरबा म्हणाला. रविवारी घेतलेल्या मापावरून त्याने जुन्या पात्यासारखी आणखी दोन पाती यंत्रावर आधीच कापून आणली होती. मशीनची तार त्याने स्टिअरिंगखालच्या खोबणीत जोडली, पडद्यावर काहीबाही दाबले, आणि आधी जुनी किल्ली फिरवून मग पहिली नवी किल्ली लावली. मशीनने एक बारीक आवाज केला. "वळख झाली," तो म्हणाला. मग दुसरी लावली. पुन्हा तोच आवाज. आता प्रत्येक किल्लीने गाडी सुरू करून पाहण्यात आली, आणि प्रत्येक वेळी ती सुरू झाली. यल्लाप्पाने तर तिसऱ्या वेळी स्वतः आत बसून किल्ली फिरविली. त्याला गाडी चालविता येत नव्हती, परंतु ती सुरू करण्याचा मान त्याने घेतला, आणि गल्लीतल्या बायकांनी टाळ्या वाजविल्या.

"ह्या एका कडीत अडकवू नगा," केरबाने बजावले. "दोघी एकदम बोलाय लागल्या तर गाडीचा गोंधळ हुतोय." त्याने जे पैसे मागितले ते शोरूमच्या रकमेपुढे इतके किरकोळ होते, की प्रसेनजीतने ते न विचारता वाढवून दिले. आक्काताईने त्याला ताट वाढल्याशिवाय जाऊ दिले नाही.

त्याच संध्याकाळी प्रसेनजीतने मीनाक्षी मॅडमना फोन केला. "मॅडम, गाडी चालू झाली."

"नक्की ना रे? पिराजी उद्या चौकात थांबतो म्हणतात. तू आधी आलास तर तुझी, नाहीतर मला नाइलाज आहे."

"मॅडम, तुमी यायच्या आधी मी उभा असतो."

मंगळवारी पहाटे घरातील एकालाही उठवावे लागले नाही. आक्काताईने चहा केला. गाडीला हात लावण्यापूर्वी प्रसेनजीतने एक नवी किल्ली बापाच्या सदऱ्याच्या खिशात सोडली.

"ही तुमच्याकडं."

"माझ्याकडं? आन् मी परत काय उचापत केली तर?"

"केलासा तर तुमीच हुडकून आणणार की. चला, बसा म्होरं. आज तुमीबी यायचं."

ताराराणी चौकात ते पोहोचले तेव्हा तिथे पानाच्या टपरीवाल्याशिवाय कोणी नव्हते. थोड्या वेळाने पिराजीची गाडी आली. त्याने काच खाली केली, प्रसेनजीतची गाडी पाहिली आणि तिचे इंजिन चालू आहे हे ऐकले.

"सुरू झाली व्हय रं?" त्याने विचारले. "मला तर कळलं हुतं, तुझ्या बाऽनं किल्लीचं पैंजण केलं."

"केलं हुतं की," यल्लाप्पा पुढच्या खिडकीतून म्हणाला. "तुझ्या गाडीला करून पायजे असंल तर सांग. कमरपट्टा करतो."

पिराजीला हसू आवरले नाही. एकेक करून पाचही शिक्षक आले. मीनाक्षी मॅडमनी दोन्ही गाड्यांकडे पाहिले, पिराजीला नमस्कार केला, आणि प्रसेनजीतच्या गाडीचे दार उघडून आत बसल्या. बाकीचे चौघे त्यांच्या मागोमाग बसले. पिराजीने गाडी वळविली.

महामार्गावरून वाठारच्या फाट्याला वळून गाडी कोडोलीच्या वाटेला लागली, तेव्हा उसाच्या फडांवर ऊन चढू लागले होते. शाळेच्या फाटकापाशी दहावीची मुले पुस्तके मिटण्याच्या बेतात उभी होती. पहिली घंटा अद्याप झाली नव्हती. खाली उतरताना मीनाक्षी मॅडम थांबल्या.

"प्रसेनजीत, परीक्षा संपेपर्यंत रोज असंच लवकर. आणि जूनपासून नवीन एक सर येणार आहेत, त्यांचीही सीट धरून ठेव."

प्रसेनजीतने नुसती मान डोलावली. त्या आत गेल्यावर मात्र त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंगवर थाप मारली.

बापलेक शाळेसमोरच्या हॉटेलात चहा प्यायला बसले. शेजारच्या बाकावरच्या एका शेतकऱ्याने गाडीकडे पाहून यल्लाप्पाला विचारले, "पावणं, गाडी तुमचीच व्हय?"

"पोराची हाय," यल्लाप्पा म्हणाला, आणि सदऱ्याच्या खिशावर हात ठेवून त्याने पुढे जोडले, "पर एक किल्ली माझ्याकडं असती."

तेवढ्यात शाळेची घंटा झाली. यल्लाप्पाने बशीत चहा ओतला, आणि तो एवढ्या समाधानाने प्याला, की हॉटेलवाल्याने न मागता त्याच्यापुढे आणखी अर्धा कप आणून ठेवला.